सिएनाची शर्यत आणि दोन तासांचं पार्किंग

बाबा,

घोड्यांचं आहे म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. इथे घोड्यांबद्दल बोलावं असं माझ्या ओळखीत कुणी नाही. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मेलबर्नची मोठी रेस असते, तेव्हा दुपारी तीन वाजता अख्खा ऑस्ट्रेलिया टीव्हीसमोर उभा राहतो, पण तो टोप्या मिरवायला आणि भरदुपारी वाईन प्यायला. घोड्याचा पाय कुठे पडतो ते कुणी बघत नाही. तुम्ही असतात तर चिडला असतात. तर सांगायचं ते असं की मी ऑगस्टमध्ये इटलीत सिएनाला जाऊन आले. तेच, तुमच्या टेबलासमोरच्या भिंतीवरचं. घोड्यांच्या औषधांच्या कुठल्याशा कंपनीने रेसकोर्सच्या सगळ्या डॉक्टरांना वाटलेलं कॅलेंडर होतं ते. वर्ष संपल्यावर आईने रद्दीत काढलं, तर तुम्ही खालची तारखांची पट्टी कात्रीने कापून टाकलीत आणि वरचं चित्र परत त्याच खिळ्याला अडकवलंत. विटकरी घरांच्या मधोमध एक उतरता चौक, त्याच्या कडेने माती पसरलेली, आणि त्या मातीवरून पळणारे दहा घोडे. एकाच्याही पाठीवर खोगीर नाही. मी विचारलं होतं खोगीर का नाही. तुम्ही म्हणालात, "तिथली रीतच तशी आहे. आणि स्वार पडला तरी बिघडत नाही. घोडा एकटा पहिला आला तर तोच जिंकला." मला ते इतकं आवडलं होतं की शाळेत सगळ्यांना सांगत सुटले होते, आणि कुणीही विश्वास ठेवला नव्हता. मग तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून चित्रातल्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलंत. "उतार बघ. आणि लगेच वळण बघ. तिथली डॉक्टरकी मला कुणी पायघड्या घालून दिली तरी नको."

मागच्या ऑक्टोबरात हा गेला. तुमचा जावई. तुम्ही त्याला पाहिलंच नाहीत. आमचं ठरायच्या दोन वर्षं आधी तुम्ही गेलात, तबेल्यात, एका घोड्याचा खूर हातात असताना. तो घोडा माणसं येईपर्यंत पाय तसाच उचलून उभा होता असं मोतद्दार सांगत होता. मला ते तेव्हा खरं वाटलं नव्हतं, आता वाटतं. ह्याचं असं झालं की शनिवारी सकाळी हा मागच्या अंगणात गवत कापत होता. मॉवरचा आवाज येत होता, पण बराच वेळ एकाच जागेवरून येत होता, म्हणून मी बाहेर जाऊन पाहिलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तीन दिवस हॉस्पिटलात होता, मंगळवारी गेला. मी रडले नाही. अजूनही रडलेले नाही. मी धीराची वगैरे आहे असं लोक म्हणतात, तसलं काही नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि नंतर आपणच आपल्या ओठाला हात लावून बघतो, तो ओठ आपला वाटत नाही, तसं आहे. फक्त त्याची वेळ संपत नाही. मी जेवते, झोपते, लॅबमध्ये जाते. रक्ताच्या नळ्यांवर बारकोड चिकटवते, एकही चूक होत नाही. कचऱ्याचा लाल झाकणाचा डबा दर आठवड्याला बाहेर ठेवायचा, पिवळ्या झाकणाचा आठवड्याआड, हे सगळं हा बघायचा. आता मी शेजाऱ्याने कुठला ठेवला ते पडद्याआडून बघते आणि तोच ठेवते.

कामावर परत गेले तो नेमका टोप्यांचा मंगळवार निघाला. लॅबच्या किचनमध्ये सगळे टीव्हीसमोर जमले होते. माझ्या सुपरवायझरने, डोक्यावर हे एवढं मोठं पीस, मला मिठी मारली आणि ते पीस माझ्या डोळ्यात गेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सगळ्यांना वाटलं मी रडते आहे. "लेट इट आउट, लव्ह," असं म्हणून कुणीतरी मला खुर्चीवर बसवलं. मी डोळे पुसत राहिले. रडणारी बाई लोकांना समजते, त्यांची चांगली सोय होते. इथे सिडनीत आमच्या भागातल्या, क्वेकर्स हिलमधल्या आपल्या मराठी बायकांनी तर सहा दिवस सहा घरांतून खिचडीच आणली. कुणी कुणाला विचारून ठरवत नाही वाटतं. त्यांच्यातली प्रत्येक जण जाताना एकच म्हणायची, "शेवटी तुझा हात होता गं त्याच्या हातात. असं भाग्य सगळ्यांना मिळत नाही." मी "हं" म्हणायचे आणि डबा धुऊन परत द्यायचे.

तुमची नात कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत इंजिनिअर आहे. चौदा दिवस जमिनीखाली, सात दिवस वर. तिचा बाप गेला तेव्हा ती विमानात होती, पर्थ आणि सिडनीच्या मध्ये कुठेतरी. ते तिच्या मनातून जात नाही. तेव्हापासून रोज फोन करते. जूनमध्ये एकदा म्हणाली, "आई, तुला घोडे आवडतात ना? आजोबांच्या कॅलेंडरवरची ती रेस. लेट्स गो." मी म्हटलं, इटलीला? इतक्या लांब? "तुझी लीव्ह पडून आहे. माझी पण आहे. व्हाय नॉट?" नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, हो म्हणायला लागत नाही. मी हो म्हटलं.

सिएना अजून तुमच्या चित्रासारखंच आहे, फक्त चित्रात आवाज नव्हता. गावात सतरा पेठा आहेत. ते दुसरा शब्द वापरतात, पण मला आणि तुम्हाला पेठच कळेल. प्रत्येक पेठेचा एक प्राणी, म्हणजे गोगलगाय, बदक, सुरवंट, साळिंदर, जिराफसुद्धा. प्रत्येकीचा झेंडा वेगळा, चर्च वेगळं, आणि शेजारच्या पेठेशी वैर ठरलेलं. आमची घरमालकीण साठीची, ताठ मानेची बाई, थोडं इंग्रजी बोलणारी. तिच्या गळ्यात पेठेचा रेशमी रुमाल होता आणि तो तिने आम्ही होतो तितके दिवस काढला नाही, बहुतेक अंघोळीलाही. तिने आम्हाला सगळं समजावून सांगितलं. सतरापैकी दहा पेठाच एका वेळी पळतात. घोडा कुणालाही निवडता येत नाही, चार दिवस आधी चिठ्ठ्या टाकून मिळतो, आणि मिळाला तो आपला. लंगडा निघाला तरी बदलून मिळत नाही. स्वार मात्र बाहेरून आणलेला, त्याच्यावर कुणाचा काडीचा विश्वास नाही. "ही कॅन सेल अस," असं म्हणून घरमालकिणीने स्वारासाठी चुटकी वाजवली, म्हणजे पैसे घेऊन फितूर होईल. मग घोडीबद्दल म्हणाली, "शी, नो. शी कॅन नॉट." त्यांच्या वाट्याला एक तांबूस घोडी आली होती. ती पेठेच्याच तबेल्यात राहत होती आणि तिच्या शेजारी खाटेवर तिचा मोतद्दार झोपत होता. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, एरवी म्हणे नळ दुरुस्तीची कामं करणारा. चार दिवस तो तिला सोडून कुठेही जात नाही. जेवण तिथेच. "आई, ही इज लाइक आजोबा," तुमची नात म्हणाली. तिने तुम्हाला माझ्या गोष्टींतच पाहिलंय, पण चुकलं नव्हतं तिचं.

शर्यतीच्या दिवशी दुपारी तीन वाजता घोड्याला चर्चमध्ये नेतात. हे तुमच्या कॅलेंडरवर नव्हतं. घरमालकीण आम्हाला घेऊन गेली आणि आधीच तोंडावर बोट ठेवून बजावलं, टाळी नाही, फोटो नाही, शिंकायचंसुद्धा नाही. लहानसं चर्च, आत दीडदोनशे माणसं, आणि कुणी श्वास घेतल्याचाही आवाज नाही. दगडी फरशीवर खुरांचा आवाज करत घोडी आत आली. बाजूला स्वार होता, पण घोडीच्या मानेवर हात मोतद्दाराचा होता. मान जिथे खांद्याला मिळते तिथे, आयाळीखाली, पंजा पूर्ण उघडा ठेवून. तुम्ही ठेवायचात तिथेच. घोडीचे कान मागेपुढे होत होते, नाकपुड्या फुललेल्या, पण ती उभी राहिली. पाद्र्याने काहीतरी वाचलं, पाणी शिंपडलं, आणि शेवटी घोडीकडेच बघून तिला म्हणाला की जा आणि जिंकून परत ये. देवाला नाही, स्वाराला नाही, घोडीला. सगळे रडत होते. दाढीवाले आडदांड बाप्ये रडत होते. माझी मुलगी रडत होती. मी त्या पंजाकडे बघत होते. मला त्या माणसाचा हेवा वाटला, बाबा. दहा महिन्यांत मला वाटलेली ती पहिली गोष्ट, आणि ती हेवा निघावी.

आता ठमीचं लिहायलाच हवं. रेसच्या पुस्तकात तिचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण तबेल्यात ती घोडी ठमीच, कारण ती गोल होती आणि तिला खाण्याशिवाय कशाची घाई नव्हती. मी अकरा वर्षांची आहे. शनिवारी तुम्ही मला पहाटे तुमच्या स्कूटरवर रेसकोर्सला नेता, मी ठमीला गूळ भरवते आणि तिचे ओठ माझ्या तळहातावर फिरतात. त्या शनिवारी धावपट्टीवर सराव करताना तिचा पुढचा पाय मोडला. धावपट्टीच्या कडेला ताडपत्रीचा आडोसा केला आहे. तुम्ही बॅग घेऊन आडोशाच्या आत जाता, परत बाहेर येता आणि माझ्यासमोर उकिडवे बसता. "तिला आता बरं करता येणार नाही. मी तिला झोपवणार आहे. तिला ओळखीचा हात लागतो. येतेस?" मी मान हलवली. तुमच्याबरोबर आडोशापर्यंत आले. आतून ठमी फुरफुरली, मला वासावरून ओळखलं असणार तिने. आणि मी वळले आणि पळाले. थेट फाटकापर्यंत. तिथल्या चहावाल्याच्या बाकावर जाऊन बसले. तुम्ही बऱ्याच वेळाने आलात. तुमच्या उजव्या बाहीला तिचे केस होते. अर्ध्या वाटेवर मी मागच्या सीटवरून म्हटलं, "माझा नऊला चित्रकलेचा क्लास आहे. उशीर होईल असं वाटलं, म्हणून किती वाजले ते बघायला गेले होते." तुम्ही स्कूटर बाजूला घेतलीत. इंजिन बंद केलंत. मनगट वळवून मला तुमचं घड्याळ दाखवलंत. आत्ता कुठे सव्वाआठ वाजले होते. मी पळाले तेव्हा साडेसातसुद्धा झाले नसतील. "पळालीस त्याचं काही नाही," तुम्ही म्हणालात. "मोठी माणसंही पळतात. घाबरले म्हण. ते चालतं. पण घड्याळाला पुढे करू नकोस." मला म्हणता आलं नाही. तुम्ही किक मारलीत. त्यानंतर तुम्ही तो विषय कधीच काढला नाहीत, आणि मला तुम्ही ओरडल्याचं आठवतं ते एवढंच, तेही तुम्ही आवाज चढवला नव्हतात.

तर शर्यत. चौकाच्या मध्यात फुकट उभं राहता येतं, पण चार तास आधी आत जावं लागतं आणि एकदा आत गेलं की बाहेर पडायला वाट नाही. ऊन असं की फरशीतून चटका बुटात येत होता. मुलीने माझ्या डोक्यावर स्वतःची टोपी घातली, दर अर्ध्या तासाने पाणी पाजलं, मी तिची आई नसून तिच्या शिफ्टमधली नवी मुलगी असल्यासारखं. आधी दोन अडीच तास मिरवणूक, चिलखतं, बैलगाडीवरून नेलेलं बक्षीस. बक्षीस म्हणजे रंगवलेलं रेशमी निशाण, बाकी काही नाही. मग घोडे दोरांमध्ये येतात. नऊ घोडे ओळीत उभे राहायचे आणि दहावा मागून पळत आला की सुरुवात. तो दहावा हवं तेव्हा येतो. तोपर्यंत स्वार आपापसात कुजबुजतात, एकमेकांना ढकलतात, घोडे वळतात, पुन्हा सगळे बाहेर, पुन्हा आत. तासभर चाललं होतं. तुम्ही त्या पंचाला जाऊन चार शब्द सुनावले असतेत. आणि मग एकदम दोर पडला आणि आजूबाजूच्या माणसांनी जो आवाज केला त्याने माझ्या छातीतलं काहीतरी हललं. मी सगळं बघितलं असं नाही म्हणणार. डोकी मध्ये येत होती. तीन फेऱ्या, दीड मिनिटसुद्धा नसेल. पण दुसऱ्या फेरीत, तुम्ही बोट ठेवलेल्या त्या वळणावर, भिंतीला गाद्या बांधल्या आहेत बघा, तिथे आमच्या घोडीचा स्वार उडून गाद्यांवर आदळला. लगेच उठलाही, खोटं कशाला सांगू. आणि घोडी पळत राहिली. एकटी. पाठ मोकळी, लगाम मानेवर उडतोय. वळणं तिला माहीत होती, आत घेऊन वळत होती. एकाला मागे टाकलं, दुसऱ्याला टाकलं. घरमालकीण माझा दंड धरून किंचाळत होती. तिसरी आली घोडी. आणि शर्यत संपली हे तिला कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे बाकीचे थांबल्यावरही ती पळत राहिली, लोक मातीवर उतरले होते त्यांच्यामधून.

मोतद्दार कुठून आला मला दिसलं नाही. टक्कल चमकलं तेवढं दिसलं. तो तिच्यासमोर गेला नाही, बाजूने पळाला, तिच्याबरोबर, दहावीस पावलं, आणि पळता पळता तोच पंजा त्याच जागी ठेवला. ती थांबली. तिच्या पायांना कापरं भरलं होतं. मी लोकांना कोपराने सारून जवळ गेले आणि तिचे पाय बघितले. पुढचे दोन, मागचे दोन. चारही नीट होते, कुठे सूज नाही, वजन सगळ्यांवर सारखं टाकत होती. हे तुम्हाला सांगायचंच होतं. मुलगी मागून आली, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि म्हणाली, "डॅड पण असेच गेले ना, आई? तुझा हात होता. मी नव्हते, बट यू वेअर देअर. आय कीप टेलिंग मायसेल्फ दॅट." मी घोडीकडेच बघत राहिले. तिच्या तोंडाला फेस आला होता.

मी नव्हते तिथे, बाबा.

मंगळवारी सकाळपासून ह्याचं ब्लड प्रेशर खाली खाली चाललं होतं. नर्स फिजीची होती, उंच, चालताना बुटांचा आवाज न होऊ देणारी. ती दुपारी म्हणाली, "आय थिंक यू शुड स्टे क्लोज नाउ, डार्ल." जवळच थांब. मी खुर्ची पलंगाला चिकटवली. ह्याचा हात हातात घेतला. गार होता आणि जड होता. थोड्या वेळाने ह्याचा श्वास बदलला. एक घ्यायचा, मग नाहीच, मग एक. मी उठले आणि नर्सला म्हटलं की गाडी रस्त्यावर टू-अवर पार्किंगला लावली आहे, दोन तास होत आलेत, हलवून येते. तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नो वरीज, लव्ह. आय विल सिट विथ हिम." मी खाली गेले, गाडी काढली, एक चक्कर मारून त्याच रस्त्यावर समोरच्या बाजूला लावली आणि आत बसून राहिले. रेडिओवर रस्त्यांच्या बातम्या चालू होत्या. एम-सात हायवेवर एक लेन बंद होती. वर आले तेव्हा नर्स माझ्या खुर्चीवर बसली होती आणि ह्याचा हात तिच्या दोन्ही हातांत होता. तिने तो लगेच सोडला नाही. मला बघूनही सोडला नाही. मग उठून म्हणाली, "ही वॉज नॉट अलोन." संध्याकाळी मुलगी विमानतळावरून थेट आली. तिने पहिली गोष्ट विचारली, "शेवटी त्यांचा हात कुणी धरला होता?" मी म्हटलं, "मी." एवढाच शब्द. मग तो तिने तिच्या इथल्या मानलेल्या मावशीला सांगितला, मावशीने महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना, आणि खिचडीबरोबर तो परत माझ्या घरी यायला लागला.

सिएनात दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात मी आणि मुलगी, आम्ही दोघीच होतो. घरमालकीण तबेल्यात गेली होती, हरलेल्या घोडीला गाजरं द्यायला. गॅसवर कॉफीचं ते छोटं भांडं खदखदत होतं. मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय. डॅड गेले तेव्हा मी खोलीत नव्हते."

"व्हॉट डू यू मीन?"

"गाडी हलवायला गेले होते. टू-अवर होतं. नर्सने धरला होता हात. तुला खोटं सांगितलं मी."

तिने गॅस बंद केला. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मला वाटलं आता ओरडेल, आणि मला चाललं असतं. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती वळली तर रडत होती आणि हसतही होती. "ओह, आई. ऑफ कोर्स यू डिड. डॅडनीच सांगितलं असतं तुला, जा, आधी गाडी हलव. ही वॉज सो स्केअर्ड ऑफ पार्किंग फाइन्स." हे खरं आहे. हा ह्या देशात आला तेव्हापासून दंडाला असा भ्यायचा की दर तासाला मॉलमधून बाहेर येऊन पाटी वाचायचा. ती मला येऊन बिलगली. "दहा महिने तू हे एकटीच घेऊन फिरत होतीस? एनीवन वुड हॅव मूव्ह्ड द कार. एनीवन, आई. अँड समवन वॉज देअर. दॅट्स ओके." तिने मला माफ केलं. भांड्यात कॉफी निवायच्या आत माफ केलं. मग तिने दोघींसाठी पाव भाजले, आणि त्या दिवसापासून ती हलकी झाली आहे, फोनवरचा आवाजसुद्धा बदलला आहे. खाणीतल्या गमती सांगते. परवा म्हणाली, पुढच्या रोस्टरच्या सुट्टीत घरी येते, मॉवर चालू करून बघू या, इतके महिने पडून आहे.

मी हलकी झाले नाही. तेच तर लिहायला बसले. आज रविवार, दुपार आहे, इथे थंडी संपत आली आहे, मागच्या अंगणात गवत गुडघ्याएवढं झालंय. हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्न नाही. वहीतून पान फाडणारही नाही. तिला मी जे सांगितलं ते खोटं नव्हतं. गाडी मी हलवली. पाटीवर टू-अवर लिहिलेलं होतं. सगळं खरं होतं, म्हणून तर तिला माफ करता आलं. आणि इथे वर, तुम्हालाही, मी तसंच लिहून मोकळी झाले. तुम्ही वाचलं असतंत तर तिथेच स्कूटर बाजूला घेतली असतीत.

गाडी मी साडेबाराला लावली होती. दोन तास अडीचला संपणार होते. मी खुर्चीवरून उठले तेव्हा ह्याच्या पलंगासमोरच्या भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा कमी होते, आणि मी ते बघितलं होतं. अजून चाळीस मिनिटं होती, बाबा. मी घाबरले होते.